त्राटिकेचा उपवास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम डोळ्यांपुढे आले ते आपले खिदिरपूरच. नोकरीनिमित्त येथे येऊन पडलेल्या आपणांपैकी पुष्कळांना हा भाग म्हणजे गोदी, मालमोटारी आणि बाजारातली रेटारेटी एवढाच ठाऊक असतो. परंतु बंगाली नाट्यवाङ्मयाचे एक आद्य शिल्पकार मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वडिलांचे घर येथे होते, आणि कवी हेमचंद्र बंद्योपाध्याय हेही येथलेच. हेमचंद्रांनी 1868 साली शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ला ‘नलिनी-वसंत’ असे बंगाली रूप दिले. त्याच्या एकच वर्ष आधी, 1867 मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ‘ऑथेल्लो’ प्रसिद्ध झाला होता. दोन प्रांतांनी त्या आंग्ल नाटककाराला जवळजवळ एकाच मुहूर्तावर आपल्या घरी आणले, असे म्हणावयास हरकत नाही.

आज मात्र मला लिहावयाचे आहे ते त्याच्या एका प्रहसनाविषयी, ज्याच्या मराठी अवताराचे नाव अजूनही आपल्या घराघरांत ऐकू येते. मुलगी जरा चढ्या आवाजात बोलली की ‘काय त्राटिका आहे!’ असा शेरा हमखास कानी पडतो. रामायणातील ती राक्षसी वाचकांस परिचित आहेच. ती स्त्री आहे म्हणून तिच्यावर बाण सोडण्यास प्रत्यक्ष श्रीराम प्रथम कचरले होते, ही गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

‘त्राटिका’ हे नाटक 1891-92 च्या सुमाराचे. कर्ते प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर. हे फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि ‘केसरी’-‘मराठा’ या पत्रांच्या व्यवहारात टिळकांचे भागीदार होते. मूळ नाटक शेक्सपिअरच्या उमेदवारीच्या काळातले, 1590 नंतरच्या एकदोन वर्षांतले. पदुआ शहरातील एका धनिकाला दोन मुली. धाकटी गोड, थोरली कॅथरीना तोंडाळ. थोरलीचे लग्न झाल्याखेरीज धाकटीचे करणार नाही, असा बापाचा हट्ट. तेव्हा पेट्रुशिओ नावाचा एक गडी ‘मला श्रीमंत बायको पाहिजे’ असे उघड सांगत येतो आणि थोरलीशी लग्न लावतो. मराठीत तो प्रतापराव झाला. नाव कसे सरदारी थाटाचे! आपल्याकडील पांढरपेशा घरांत तेव्हा आठव्या-दहाव्या वर्षी मुलीला उजवून टाकीत, तेथे वादविवाद करणारी प्रौढ कुमारिका आणणार कोठून? तिच्यासाठी आडदांड सरदारी वातावरणच हवे.

नाटकातला खरा मासला लग्नानंतरचा आहे. नवरदेव चिंध्या पांघरून उशिरा येतो आणि मेजवानीस न थांबता वधूला ओढून नेतो. घरी पाने मांडली जातात. तो ‘करपले, तुझ्या प्रकृतीस सोसणार नाही’ म्हणून सारे परत पाठवितो. रात्री ‘गादी बरोबर घातली नाही’ म्हणून उश्या-पांघरुणे फेकतो आणि तिला डोळ्यास डोळा लावू देत नाही. नवा झगा शिवून येतो, तोही फाडतोड करून शिंप्याला परत. आणि हे सर्व तिच्यावरील अपार प्रेमापोटी! शिकारी ससाणा माणसाळविताना त्याला उपाशी व जागे ठेवतात, तीच ही रीत, हे तो प्रेक्षकांना स्वतःच सांगतो. पुढे वाटेत भर दुपारी तो सूर्याला चंद्र म्हणतो आणि तीही दमून ‘चंद्र’ म्हणते. शेवटी पैज लागते, हाक मारताच ती हजर होते, आणि पतिभक्तीवर लांबलचक भाषण करते. पडदा.

शाहूनगरवासी मंडळीने हा प्रयोग गाजविला. गणपतराव जोशी प्रतापराव, बाळाभाऊ जोग त्राटिका. पाठ बसवून घेण्यात स्वतः केळकर. हीच जोडी आगरकरांच्या ‘विकारविलसिता’त, म्हणजे मराठी हॅम्लेटमध्ये, प्रेक्षकांना रडवीत असे. येथे तीच हसवीत होती. त्राटिका हा शेवटी लुगडे नेसलेला पुरुष आहे, हे पिटातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे तिच्या उपाशी पोटाची कळ कोणाला लागली नसावी, असे मला वाटते. शेक्सपिअरच्या लंडनातही कॅथरीना एखादा कोवळा मुलगाच करी. तेथे बायका रंगभूमीवर आल्या 1660 नंतर. आपल्याकडे नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली ती 1933 साली.

आता त्याच वर्षांत बाहेर काय चालले होते ते पाहा. मुंबईत रखमाबाईंनी ‘अजाण वयात झालेले लग्न मला मान्य नाही’ म्हणून नांदावयास जाण्याचे नाकारले. 1887 साली न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग’ असा निकाल दिला, तेव्हा तुरुंग पत्करीन असे त्या बाईंनी सांगितले. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. येथे कलकत्त्यात 1890 साली फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजोरीने प्राणास मुकली. त्यावर जो गहजब झाला त्यातून मार्च 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहाची बारा झाली. टिळक कायद्याच्या विरुद्ध, आगरकर बाजूने. पुण्यात घरोघर दोन तट पडले. ज्या पुण्यात मुलीच्या संमतीवरून इतके रण माजले, त्याच पुण्यातल्या प्राध्यापकाने तेव्हा हे नाटक लिहिले. मूळ नाटकात कॅथरीना लग्नाला होकार कोठेच देत नाही. ‘रविवारी लग्न’ असे तो परस्पर ठरवितो, ती ‘आधी तुला फासावर पाहीन’ अशा अर्थाचे काही बोलते, आणि मग एकदम गप्प होते. त्या गप्प बसण्यालाच सर्वांनी होकार मानले. केळकरांच्या मनात या दोन गोष्टींची सांगड होती की नव्हती, यावर मी तर्क लढवीत नाही. प्रेक्षक मात्र तेच होते, एवढे खरे.

विलायतेत शेक्सपिअरच्या हयातीतच या नाटकाला उत्तर मिळाले होते. 1611 च्या सुमारास फ्लेचर या नाटककाराने पेट्रुशिओचे दुसरे लग्न लावून दिले. ही दुसरी बायको त्यालाच दाराबाहेर कोंडून वठणीवर आणते. 1633 साली राजदरबारात दोन्ही नाटके दोन-तीन दिवसांच्या अंतराने झाली. पहिले पसंत पडले आणि दुसरे फारच पसंत पडले, अशी दरबारी नोंद आहे. आपल्याकडे त्राटिकेला असे उत्तर कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. बंगालीत मुनीर चौधुरी यांनी याच नाटकाला ‘मुखरा रमणी वशीकरण’ असे नाव दिले. 1971 च्या डिसेंबरात ढाक्यात त्यांची हत्या झाली. नावातला तो ‘वशीकरण’ शब्द मला केळकरांच्या नावापेक्षा प्रामाणिक वाटतो. दोष बाईच्या स्वभावात नाही, कृती पुरुषाची आहे, हे त्यात निदान कबूल तरी केले आहे.

असो. या नाटकाकडे मी वळलो त्याचे कारण पुस्तकी नाही. माझी एक आत्या लग्नानंतर दीड वर्षाने माहेरी परत आली ती कायमचीच. उलट बोलणारी, कोणाचे न ऐकणारी. घरात थोरामोठ्यांपासून सर्वजण तिला ‘त्राटिका’ म्हणत. मीही म्हणत असे, आणि ती पाठीत धपाटा घाली. सासरी काय झाले हे कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. पदवीच्या वर्गात शेक्सपिअर अभ्यासाला लागला, तेव्हा सुट्टीत घरी आलो असता मोठ्या हौसेने तिला ही गोष्ट सांगितली. ताट परत पाठविण्याचा प्रसंग मी हातवारे करून रंगवीत होतो. ती हसली नाही. सुपातले तांदूळ निवडता निवडता तिने एवढेच विचारले, ‘किती दिवस उपाशी ठेवले होते रे तिला?’

मला सांगता आले नाही. पुस्तकात दिवस मोजलेले नाहीत. आत्याच्या पलंगाखालच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेली भाकरी नेहमी का असे, आणि आजी ती पाहूनही कधी का रागावत नसे, हे त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले.