प्लॅन पास झाला की आर्किटेक्ट गायब? बांधकाम सुरू असताना त्याचं साइटवर काम काय असतं?

घर बांधायला काढलं की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. आर्किटेक्टकडून नकाशा काढायचा, महापालिकेत किंवा नगरपालिकेत प्लॅन पास करून घ्यायचा आणि मग सगळं कॉन्ट्रॅक्टरवर सोपवायचं. आर्किटेक्टची पुढची भेट थेट वास्तुशांतीच्या जेवणाला.

पण नकाशात सगळं लिहिलेलं असतं का? नसतं. मंजुरीच्या नकाशात तर खूपच कमी असतं. इमारत किती उंच, समोर-मागे किती जागा सोडली, खोल्या केवढ्या, एवढंच महापालिकेला बघायचं असतं. बाथरूमच्या फरशीचा उतार कुठल्या बाजूला, खिडकीच्या चौकटीखाली पाणी मुरू नये म्हणून काय करायचं, ड्रेनेजचा पाइप मध्येच बीमला आडवा आला तर काय करायचं, यासाठी वेगळी कामाची ड्रॉइंग लागतात. ती असली तरी प्रत्यक्ष जागेवर रोज नवे प्रश्न येतात. तिथे डिझाइन करणारा माणूस नसेल तर उत्तर कोण देतं? मुकादम, प्लंबर किंवा मालकाचा मेहुणा.

यातले बरेच निर्णय चालून जातात. पण एखादा अजिबात चालत नाही.

कॅन्सस सिटीतला एक ‘छोटा’ बदल

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी शहरात १९८० साली हयात रीजेन्सी हॉटेल सुरू झालं. त्याच्या उंच लॉबीत हवेत टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल. मूळ डिझाइनमध्ये छतापासून निघालेल्या लांबच लांब लोखंडी सळ्या दोन्ही पुलांना धरून ठेवणार होत्या.

लोखंडी काम करणाऱ्या कंपनीला एवढ्या लांब सळ्या अडचणीच्या वाटल्या. म्हणून एका सळीच्या दोन करायचं ठरलं. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, दुसरी त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बघितलं तर फरक जाणवतही नाही.

आता असं समजा, दोन माणसं एकाच दोराला वर-खाली लटकली आहेत. दोर मजबूत असेल तर प्रत्येकाच्या हाताला फक्त स्वतःचं वजन पेलायचंय. पण खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोरावरचं वजन तेवढंच राहिलं, पण वरच्याच्या हातांवर दोघांचा भार आला. हॉटेलात नेमकं हेच झालं. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळ डिझाइनसुद्धा तिथल्या नियमांपेक्षा कमकुवत होतं, हे नंतरच्या तपासात समोर आलं. बदललेल्या जोडाचं गणित कुणी नव्यानं केलंच नाही.

१७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम सुरू असताना हे दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसं गेली. दोन इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले.

ही चूक स्ट्रक्चरची, म्हणजे इंजिनिअरांच्या अखत्यारीतली होती, आर्किटेक्टची नव्हे. तरीही हे उदाहरण इथे द्यायचं कारण वेगळं आहे. बांधकाम सुरू असताना साइटवर आपला कायमचा माणूस असावा, अशी मागणी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरिंग फर्मनं केली होती. जादा खर्च नको म्हणून ती मान्य झाली नाही.

मग आर्किटेक्टनं रोज साइटवर उभं राहायचं का?

नाही. रोजची देखरेख हे साइट इंजिनिअरचं किंवा सुपरवायझरचं काम आहे. सळई किती जाडीची आणि किती अंतरावर हे स्ट्रक्चरल कन्सल्टंट ठरवतो. आर्किटेक्टनं ठरावीक टप्प्यांवर यायचं, काम ड्रॉइंगप्रमाणे चाललंय का ते बघायचं, नमुने मंजूर करायचे, अडलेल्या गोष्टींचा निर्णय द्यायचा आणि बदल झाला तर तो कागदावर आणायचा. १९७२ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या सेवाशर्तींमध्येही बांधकामाच्या काळातल्या अशा भेटी धरलेल्या आहेत. म्हणजे हे आर्किटेक्टनं आपल्यावर करायचे उपकार नाहीत. पण फीमध्ये घासाघीस करताना सगळ्यात आधी याच भेटी कापल्या जातात, आणि काही आर्किटेक्टनाही ते सोयीचंच असतं.

फ्लॅट घेणाऱ्यांचा याच्याशी काय संबंध?

थेट पैशांचा संबंध आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतली ७० टक्के रक्कम बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती काढायची तर काम त्या प्रमाणात पुढे गेलंय, असं इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचं प्रमाणपत्र लागतं. महारेरात आर्किटेक्टच्या या प्रमाणपत्राला ‘फॉर्म १’ म्हणतात. कुठल्या इमारतीचं किती टक्के काम झालं, हे त्यात लिहायचं असतं. आर्किटेक्ट साइटवर न जाताच सही करत असेल, तर तुमचे पैसे न झालेल्या कामासाठी खात्यातून बाहेर पडू शकतात. मला तरी या कायद्यातली ही सही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटते.

नुसतं नाव असून चालत नाही

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीच्या नूतनीकरणात आर्किटेक्ट होते. पण मध्येच त्यांचा करार मालकाऐवजी कॉन्ट्रॅक्टरशी झाला. बाहेरच्या आवरणासाठी आधी जस्ताचे पत्रे ठरले होते. खर्च वाचवायला त्याऐवजी आत प्लॅस्टिकचा थर असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे बसले. हे कितपत पेट घेतात, ते तपासणं दुसऱ्याचं काम आहे असं प्रत्येकाला वाटत राहिलं. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जणांचा जीव गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालानं आर्किटेक्ट फर्मवरही मोठी जबाबदारी टाकली. म्हणून आर्किटेक्ट कुणाला उत्तरदायी आहे, हे करारात स्पष्ट हवं.

आपल्याकडे चांगली उदाहरणंही आहेत. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करायचे. १९५४ मध्ये ते भारतात आले ते त्यांच्याच अहमदाबादमधल्या इमारतींच्या कामावर देखरेख करायला. तिथल्या आयआयएमचे आर्किटेक्ट लुई कान १९७४ साली गेले, तेव्हा पुढचं काम अनंत राजे यांनी पाहिलं. राजे त्याआधी कान यांच्या ऑफिसात होते, त्यामुळे विटेची कमान तशी का, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

घर बांधताय? मग करारात हे लिहून घ्या

जमिनीवर आखणी होताना, पायाचं काँक्रीट पडण्याआधी, प्रत्येक स्लॅब भरण्याआधी आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी आर्किटेक्टची भेट ठरवून घ्या आणि फीचे हप्ते या भेटींशी जोडा. स्ट्रक्चरल कन्सल्टंटनं सळई तपासल्याशिवाय स्लॅब भरायचा नाही, हेही लिहा. बदल फोनवर ठरला तरी सुधारित ड्रॉइंग तारखेसह मागा. आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोंवर काम भागवू देऊ नका. बाथरूमचा उतार फोटोत दिसत नाही, त्यासाठी फरशी बसवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघावं लागतं.