वखारीतली वीज

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मी ज्या आडत्याच्या गाळ्यावर अधूनमधून बसतो, तिथे एप्रिलमध्ये बारदानाच्या थप्पीला टेकून ठेवलेली विजेच्या दुचाकीची बॅटरी दिसली. "महिनाभर गावाला चाललोय, म्हणून फुल चार्ज करून ठेवली," दिवाणजी म्हणाले. त्यांच्या त्या 'म्हणून'मागे दीडशे वर्षांची सवय आहे.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. ती रिकामी पडून राहिली, की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ती पुढे चार्ज घेईनाशी होते. म्हणून तिचा नियम साधा होता: भरलेली ठेवा, पाणी पाहत राहा. माल उतरवून थांबलेल्या ट्रकचे क्लीनर बुचे उघडून डिस्टिल्ड वॉटर घालताना मी लहानपणी याच यार्डात पाहिले आहेत. ही विद्या पुस्तकातून नव्हे, हातांतून पुढे गेली.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि नियमाचा अर्धा भाग उलटला. रिकामी ठेवणे हिलाही सोसत नाही. पण पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवली, तर ती आतून लवकर म्हातारी होते. महिनाभर ठेवायची तर निम्म्याच्या आसपास चार्ज, कोरडी व थंड जागा आणि अधूनमधून तपासणी, एवढे तिला पुरते.

पुण्याशी जोडलेली १९७२ ची दोन नावे, चेतक आणि लुना, याच बॅटरीवर परतली. चेतक जानेवारी २०२० मध्ये, लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्या दोन वर्षांच्या मधे, मार्च २०२२ मध्ये, लोहगावात रस्त्याकडेला उभ्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही अशा आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. पण मानक बांधते ते कारखानदाराला. घरात, जिन्याखाली, गाळ्यात बॅटरी कशी ठेवावी, हे शिकवायला तिथे कोणी येत नाही. जुनी सवय तेवढी आपल्यासोबत येते.

खरे तर मार्केट यार्डाला हे शिकवावे लागू नये. कांदा साठवणारा माणूस ढीग दाबून ठेवत नाही, खालून-वरून वारा खेळू देतो, ओल लागू देत नाही आणि सडका कांदा दिसताच बाजूला काढतो. फुगलेली, आदळलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरीही तशीच बाजूला काढायची. तिला चार्जर लावायचा नाही. फरक एवढाच, की सडका कांदा शेजारचे चार कांदे नासवतो. पेटलेली बॅटरी बारदानासकट गाळा नेते.

मी दिवाणजींना एवढेच म्हटले, "कांदा असता तर इथं ठेवला असतात?"

ते हसले. मग उठून त्यांनी बॅटरी उचलली, पोत्यांपासून लांब, सावलीतल्या मोकळ्या फरशीवर ठेवली आणि म्हणाले, "गाडीला लावून जरा फिरवून आणतो. निम्मी झाली की मग ठेवू."