डिपॉझिट आणि नाव

२०१६ साली मी पुण्यात एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. आम्ही तिघा प्राध्यापकांनी मिळून दोन खोल्यांची जागा भाड्याने घ्यायचे ठरवले. डिपॉझिट साठ हजार, प्रत्येकी वीस. माझे वीस हजार वडिलांनी गावच्या भिशीतून उचलून आणून दिले. एजंटाने तिघांची आडनावे विचारली. माझे ऐकल्यावर तो मालकाला फोन करायला बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, "सर राहू द्यात, पण करार दोघांच्याच नावानं करू." मित्र म्हणाले, काय फरक पडतो? मीही मान हलवली. पैसे दिले, पावती नाही.

गावी गेल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, "पावती दिली का रं त्यानं?" अंगठा उठवणारा हा माणूस सोसायटीच्या कर्जाची प्रत्येक पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. मी पदव्युत्तर शिकलेला, मला उत्तर देता आले नाही.

पैसा घ्यायचा आणि नाव नाकारायचे, ही रीत जुनी आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. रोजचे दीड रुपया भाडे चालत होते. आंबेडकर हे नाव चालत नव्हते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे मुंबईत पागडी आली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठवले आणि भाड्याखेरीज पागडी वा अनामत घेणे गुन्हा ठरवला. पण घरे थोडी, माणसे फार. पागडी थांबली नाही, ती काळ्या पैशात गेली. काळ्या पैशाला पावती नसते. ज्याच्या गाठीला पैसा आणि मागे ओळखीचा माणूस, त्याला खोली. गावकुसाबाहेरून आलेल्या गिरणी कामगाराकडे यातले काय होते?

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, अशा रकमेला मान्यता दिली. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पण ज्याचे नावच करारात नाही, तो भाडेकरू कसला? तो पाहुणा.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत राहण्यापासून अडवणे गुन्हा आहे. पण "जातीमुळे नाही" असे कुणी लिहून देत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दलित घर-शोधकांना सरळ नकार मिळाल्याचे दिसले, आणि होकार देऊन अटी वेगळ्या लावल्याचेही दिसले. ही दुसरी रीत अधिक बेरकी आहे. तिथे नकार नसतो, म्हणून तक्रारही नसते.

२०१८ मध्ये आम्ही जागा सोडली. रंगाचे पैसे कापून डिपॉझिटचा धनादेश दोघांच्या नावाने आला. मित्र प्रामाणिक, त्यांनी माझा वाटा दिला. पण माझ्या बापाचे पैसे मला हक्काने नव्हे, मित्रांच्या सज्जनपणाने मिळाले. फरक काय पडतो, याचे हे उत्तर.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो: वाटा देणार असाल तर करारात नाव घाला, पैसे बँकेतून द्या आणि पावती मागा. सवर्ण मित्रांनो, तुम्हालाही सांगणे आहे. "नाव नको" असे एजंट म्हणेल, तेव्हा ती सही तुम्ही करू नका. मी त्या दिवशी मान हलवली, ती चूक माझीही होती. नंतरच्या जागेच्या करारावर माझे पूर्ण नाव आहे, आडनावासह. त्याची एक प्रत वडिलांच्या पेटीत आहे.