फळमाशीतील तंत्रिका विकास : आनुवंशिक संशोधनाचा इतिहास

फळमाशीच्या (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) भ्रूणाच्या बाह्यस्तरातील कोशिका (पेशी) प्रारंभी एकसारख्या दिसतात. पुढे त्यांपैकी काहींपासून तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) व उरलेल्यांपासून त्वचा तयार होते. कोणत्या कोशिकेने कोणता मार्ग घ्यावयाचा हे जीनांच्या (आनुवंशिक एककांच्या) नियंत्रणाने ठरते. एखादा जीन बिघडला असता काय चुकते ते पाहून त्याचे नेहमीचे कार्य ओळखावयाचे, ही या संशोधनाची मूळ पद्धत होय. मुंबई येथे झालेले कार्यही याच पद्धतीने झाले.

प्रारंभ : पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी ही माशी जेमतेम २ ते ३ मिमी. लांब असते. २५° से. तापमानात अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास सु. १० दिवस लागतात आणि भ्रूणावस्था एका दिवसातच संपते. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन (१८६६–१९४५) यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा उत्परिवर्ती नर आढळला व तेव्हापासून फळमाशी आनुवंशिकीचा प्रमुख प्रायोगिक प्राणी ठरली. त्याच प्रयोगशाळेत पुढे पंखांच्या कडेस खाच असलेल्या माद्या सापडल्या. त्यावरून संबंधित जीनास ‘नॉच’ (खाच) हे नाव पडले.

या जीनाचे खरे महत्त्व भ्रूणाच्या अभ्यासातून कळले. १९३७–४० या काळात डोनल्ड पोल्सन यांनी असे दाखविले की, नॉच जीन मुळीच नसलेल्या भ्रूणात त्वचा होऊ पाहणाऱ्या कोशिकाही तंत्रिका कोशिका बनतात. तंत्रिका ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) बेसुमार वाढते, पोटाकडील त्वचा तयारच होत नाही आणि भ्रूण मरतो. जीन नाहीसा झाल्याने काही कमी होण्याऐवजी तंत्रिका कोशिका वाढाव्यात, हे कोडे होते. जीनाचे रासायनिक स्वरूपच तेव्हा अज्ञात असल्याने ते सु. चार दशके उकलले नाही.

यंत्रणेचा उलगडा : १९८० मध्ये क्रिस्टिआने न्यूस्लाइन-फोलहार्ट व एरिक वीशाउस यांनी भ्रूणाची खंडरचना ठरविणाऱ्या जीनांचा पद्धतशीर शोध प्रसिद्ध केला. या कार्याबद्दल त्यांना एडवर्ड लूइस यांच्यासमवेत १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच दशकात होसे काम्पोस-ओर्तेगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डेल्टा’सारखे, नॉचप्रमाणेच परिणाम करणारे इतर जीन अभ्यासले. नॉच जीनाची रासायनिक रचना १९८५ मध्ये समजली. त्यापासून बनणारे प्रथिन कोशिकेच्या पटलात आरपार बसलेले असून शेजारच्या कोशिकेवरील डेल्टा प्रथिनाचा संदेश ते ग्रहण करते.

आरंभी पाच-सहा कोशिकांच्या गटातील प्रत्येकीत ‘अकीट’, ‘स्क्यूट’ इ. जीन कार्यरत असतात व प्रत्येकीस तंत्रिका-जनक होण्याची क्षमता असते. जिच्यात हे जीन किंचित अधिक प्रभावी ठरतात ती डेल्टाद्वारे शेजारणींमधील नॉच उद्दीपित करते. परिणामी शेजारणींमधील तेच जीन दबले जातात व त्या त्वचेकडे वळतात. यास ‘पार्श्व अवरोध’ म्हणतात. नॉच नसल्यास हा मज्जाव उरत नाही. पोल्सन यांच्या कोड्याचे उत्तर हेच होय. क्रिस डो व कोरी गुडमन यांनी १९८५ मध्ये नाकतोड्याच्या भ्रूणातील तंत्रिका-जनक कोशिका लेसर किरणांनी नष्ट केली, तेव्हा शेजारच्या कोशिकेने तिची जागा घेतली. कोशिकेचे भवितव्य केवळ तिच्या वंशावळीने ठरत नसून शेजाऱ्यांवरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट झाले.

मुंबईतील कार्य : होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी (१९३२–२०१३) यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. सीमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढताच पक्षाघात होणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला (१९७६). यांतील ‘कोमॅटोज’ हा उत्परिवर्ती प्रकार एका तंत्रिका कोशिकेकडून दुसरीकडे संदेश पोहोचविण्यास आवश्यक अशा प्रथिनातील बिघाडामुळे उद्‌भवतो, असे पुढे दिसून आले. व्हेरॉनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) व सिद्दिकी यांनी १९७८ मध्ये वास व चव यांच्या जाणिवेत दोष असलेल्या माश्या वेगळ्या केल्याचे प्रसिद्ध केले.

वर्तनातील दोषांपासून निघालेला हा मार्ग पुढे विकासाच्या प्रश्नाकडे वळला. रॉड्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७–९८ मध्ये असे दाखविले की, शृंगिकेवरील गंधेंद्रियांच्या एका प्रकारासाठी ‘अटोनल’ जीन आवश्यक असतो, तर ‘लोझेंज’ जीनाच्या कमीअधिक मात्रेवर इतर गंधेंद्रियांचा प्रकार ठरतो. ही इंद्रिये भ्रूणात नव्हे, तर कोशावस्थेत (प्यूपा अवस्थेत) घडतात. तथापि कोशिका निवडण्याची रीत बऱ्याच अंशी तीच असते. म्हणजेच भ्रूणात उलगडलेला नियम विकासाच्या नंतरच्या टप्प्यासही लागू पडतो. या संस्थेतूनच बंगलोर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची उभारणी झाली व हे संशोधन तेथेही विस्तारले.

महत्त्व : नॉचसारखे चार जीन मानवात आहेत. त्यांपैकी नॉच-१ मधील बदलाचा संबंध रक्ताच्या एका कर्करोगाशी (१९९१) आणि नॉच-३ मधील दोषाचा संबंध मेंदूतील सूक्ष्म रोहिण्यांच्या एका आनुवंशिक विकाराशी (१९९६) असल्याचे आढळले. मानवी मेंदू व माशीचा मेंदू यांच्या रचनेत मोठे अंतर असले, तरी कोशिकांनी परस्परांना संदेश देऊन आपापला मार्ग ठरविण्याची ही यंत्रणा दोहोंत समान आहे. पंखावरील एका खाचेच्या निरीक्षणापासून सुरू झालेले हे संशोधन त्यामुळे वैद्यकासही उपयुक्त ठरले आहे.