टेकडीवरची रुग्णवाहिका

ऐन दिवाळीत शववाहिकेचे नाव काढू नये, असे आमची आई म्हणाली असती, आणि तिचा शब्द मी सहसा मोडीत नसे. पण आज जी हकिकत सांगावयाची आहे तिचा आरंभच त्या अशुभ शब्दापासून होतो, त्याला माझा इलाज नाही. आपल्या मराठीत रुग्णवाहिका आणि शववाहिका हे शब्द एकाच साच्यातले. गाड्या मात्र दोन. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात विसाव्या शतकाचे साठावे वर्ष उलटून गेले तरी पुष्कळ गावी या दोन्हींची गाडी एकच होती. सकाळी तीतून प्रेत न्यावयाचे, दुपारी अपघातात सापडलेला माणूस न्यावयाचा.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. माणसाला आडवा निजवून नेता येईल एवढी लांब मोटार गावात एकच असे, ती अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याची. म्हणून लोक त्यालाच बोलावीत. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा याच व्यावसायिकांच्या हाती आहे, असे त्यात नमूद केले होते. आदल्या वर्षी, १९६५ साली, अमेरिकेत १ लाख ७ हजार माणसे अपघातांत दगावली होती. रोगी वाचला तर ज्याचा एक धंदा चालतो आणि न वाचला तर दुसरा, त्याच्या मनाची ओढ कोणीकडे असेल, असा वात्रट प्रश्न आमच्या मित्रमंडळींत कोणीतरी विचारतोच. पण खरे दुखणे निराळे होते. गाडीत काय सामान असावे, गाडीबरोबरच्या माणसाला काय यावे, याचा नियमच बहुतेक ठिकाणी नव्हता.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. तेथे रुग्ण नेण्याचे काम पोलिसांकडे होते, आणि त्यासाठी गाडी कोणती, तर कैदी कोंबून न्यावयाची बंद व्हॅन. मागे कापडी स्ट्रेचरवर रोगी, आणि दोघे शिपाई पुढे बसलेले. वाटेत रोग्याचा श्वास बंद पडला तर ते इस्पितळाच्या दारात कळावयाचे. या शहरात 'हिल' म्हणजे टेकडी नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिच्या नशिबी पोलिसांची गाडी उशिरा येई, कधी येतच नसे. आणि आली तरी तिच्यात पाय ठेवावयाला लोक भीत. एरवी ज्या गाडीतून पोरे पकडून नेतात त्याच गाडीत आजारी बापाला घालावयाचे, ही कल्पना आपणही करून पाहावी.

या टेकडीचा खालचा भाग १९५६ पासून नगरसुधारणेच्या नावाखाली पाडण्यात आला होता. सुमारे ८ हजार माणसे उठविली गेली आणि त्या जागी एक भव्य क्रीडागृह उभे राहिले. ते घडविणारे मेयर डेव्हिड लॉरेन्स हे मोठे वजनदार पुढारी. पुढे ते राज्याचे गव्हर्नरही झाले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी एका निवडणूक सभेत बोलता बोलता ते कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेले, तेथे हृदय पुन्हा चालू करण्यात आले, परंतु मेंदूला प्राणवायूविना राहावे लागले तेवढ्यात व्हावयाचा घात होऊन गेला होता. सतरा दिवस बेशुद्धीत काढून ते वारले. नगरीच्या सर्वांत बड्या माणसालाही शेवटी तीच व्हॅन मिळाली, जी टेकडीवरच्या कंगालाला मिळे. किंबहुना त्याच्यापेक्षा लवकर मिळाली, एवढाच फरक.

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. पीटर सफार होते. हे मूळचे व्हिएन्नाचे, भूल देण्याच्या शास्त्रातील तज्ज्ञ. बुडालेल्या किंवा हृदय थांबलेल्या माणसाच्या तोंडात तोंड घालून श्वास देण्याची जी पद्धत आज शाळेतील मुलांनाही शिकवितात, ती शास्त्राच्या कसोटीला लावून सिद्ध करणाऱ्यांपैकी हे एक. याच १९६६ साली त्यांची अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. सारे जग ज्याच्याकडून श्वास द्यावयाला शिकले त्या बापाच्या घरी हे व्हावे! सफार रडत बसले नाहीत. किंवा रडले असतील तर ते आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी कागद घेऊन रुग्णवाहिका कशी असावी याचा आराखडा तयार केला. रोग्याच्या उशाशी माणूस बसू शकेल एवढी जागा हवी, प्राणवायू हवा, नळ्या हव्यात, इस्पितळाशी बोलावयाला रेडिओ हवा, आणि मुख्य म्हणजे हे सर्व वापरता येणारी माणसे हवीत.

ती माणसे आली टेकडीवरून. फिल हॅलन हे एका वैद्यकीय निधीचे प्रमुख. स्वतः एके काळी रुग्णवाहिका चालविलेले. जेम्स मॅकॉय यांची 'फ्रीडम हाऊस' ही टेकडीवरच्या लोकांना कामधंदा मिळवून देणारी संस्था. हे दोघे आणि सफार १९६७ साली एकत्र आले. सफार यांची अट एकच: चालक नव्हे, वैद्यकीय काम करणारा माणूस घडवावयाचा. ज्यांना शहर 'नोकरीला नालायक' म्हणत होते असे तरुण निवडण्यात आले. कोणी व्हिएतनामच्या लढाईतून परतलेला, कोणी शाळा अर्धवट सोडलेला, एखादा तुरुंगाची हवा खाल्लेला. त्यांना शरीररचनेपासून शिकविले, शस्त्रक्रियागृहात उभे केले, सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. एवढे शिक्षण घेतलेला माणूस त्या काळी अमेरिकेत कोणत्या रुग्णवाहिकेवर असेल, याची मला शंकाच आहे.

१९६८ साली गाड्या रस्त्यावर आल्या. त्याच एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, टेकडी पेटली, आणि त्या आगीतून ही पोरे जखमी काढीत राहिली. पहिल्या वर्षात त्यांनी सुमारे ५,८०० हाकांना ओ दिली. काही गोरे रोगी काळ्या हाताचा स्पर्श नको म्हणत, पण छातीत कळ आली की माणसाचे सोवळे फार वेळ टिकत नाही. एका इस्पितळात जॉन मून नावाचा कृष्णवर्णीय वॉर्डबॉय होता. पांढऱ्या पोशाखातील दोन काळे तरुण आत येतात, रोग्याविषयी अधिकाराने बोलतात आणि डॉक्टर ते ऐकून घेतात, हे त्याने एके दिवशी पाहिले. आपण असेच व्हावयाचे, असे त्याने तेथेच ठरविले, आणि तो झालाही. १९७२ साली १,४०० रुग्णांची पाहणी झाली, तीत अत्यवस्थ रोग्यांना फ्रीडम हाऊसच्या माणसांनी १०० पैकी ८९ वेळा योग्य उपचार दिल्याचे दिसले. पोलिसांचा आकडा ३८ होता.

एवढे झाल्यावर नगरपालिकेने काय करावे? आपण म्हणाल, गाड्या वाढवाव्यात. इथे आपल्या वाचकांसाठी एक खुलासा करावा लागेल. आपला महापौर म्हणजे मुख्यत्वे सभेचा अध्यक्ष. कारभार आयुक्ताच्या हाती. पिट्सबर्गचा मेयर म्हणजे महापौर आणि आयुक्त एकाच अंगरख्यात. १९७० साली त्या खुर्चीवर पीटर फ्लॅहर्टी आले. माणूस काटकसरी, जुन्या पुढाऱ्यांच्या गटबाजीचा शत्रू. शहराचे काम शहराने करावे, बाहेरच्या संस्थेला कंत्राट कशाला, हे त्यांचे मत. हे मत मला चूक वाटत नाही. जीव वाचविण्याचे काम धर्मादाय देणगीवर किती दिवस चालणार? आपल्याकडेही १०८ क्रमांक फिरविला की डॉक्टरसह गाडी येते ती सोय राज्य सरकारनेच २०१४ साली उभी केली. चूक मतात नव्हती, वागण्याच्या तऱ्हेत होती.

फ्रीडम हाऊसशी शहराचा करार होता तो टेकडी, शेजारचे ओकलंड आणि मध्यवर्ती व्यापारी भाग एवढ्यापुरता. बाकी शहर पोलिसांच्या व्हॅनवरच. हद्द वाढवावी ही मागणी शहर मान्य करीना, कराराचे पैसे मात्र उशिरा देऊ लागले. मग मध्यवर्ती भागात रुग्णवाहिकेने भोंगा वाजवू नये असा नियम आला. म्हणजे जेथे गर्दी जास्त तेथेच गाडीने मुकाट्याने वाट शोधावी. कारण आवाजाचे सांगितले गेले. कागदावर असे नियम निरुपद्रवी दिसतात. गाडीत पडलेल्याला त्यांची किंमत मिनिटांत मोजावी लागते. इकडे सधन गोऱ्या वस्त्यांतील लोक विचारू लागले, की टेकडीवरच्या गरिबाला जी गाडी मिळते ती आम्हांला का नाही? नगराच्या इतिहासात असा प्रश्न फार वेळा विचारला गेला नसेल.

१९७४ साली डॉ. नॅन्सी कॅरोलाईन या तरुण डॉक्टरीणबाई फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः गाडीत बसून जात, पोरांच्या चुका रस्त्यावरच दुरुस्त करीत, आणि काम पाहून पाहून धडे लिहून ठेवीत. मून यांनी इस्पितळाबाहेर रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घातली ती या काळात. तोवर हे काम डॉक्टरांखेरीज कोणी करावयाचे नाही असा समज होता. केंद्र सरकारला देशभरच्या पॅरामेडिकांसाठी अभ्यासक्रम हवा होता, तो या बाईंच्या हातून तयार झाला आणि टेकडीवरच्या माणसांवर तपासून पाहिला गेला.

आणि याच सुमारास शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा जाहीर केली. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाऊस बंद झाले. आमची माणसे नव्या खात्यात घेतली पाहिजेत, असा हट्ट सफार आणि कॅरोलाईन यांनी धरला होता, आणि तो शहराने मान्यही केला. मान्य केला आणि मग परीक्षा लावल्या. ज्यांच्या कामावरून देशाचा अभ्यासक्रम ठरला त्यांची परीक्षा! जुन्या जोड्या फोडून त्यांना अननुभवी गोऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली दिले. कोणाला तुरुंगाची जुनी नोंद काढून घालविले, कोणाला वैद्यकीय काम सोडून दुसरे काही सोपविले. पुष्कळ जण आपण होऊन निघून गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या पॅरामेडिकांत शेकडा ९८ गोरे होते. सेवा सर्व शहराला मिळाली, हे खरे. ती कोणी आरंभिली याची मात्र नव्या पिढीला गंधवार्ताही उरली नाही.

एक गृहस्थ तेवढे चिकटून राहिले. प्रत्येक परीक्षा दिली, प्रत्येक अपमान गिळला. २००९ साली जॉन मून निवृत्त झाले तेव्हा ते त्याच खात्याचे सहायक प्रमुख होते. सफार २००३ साली वारले, कॅरोलाईन त्याच्या आदल्या वर्षी. बाईंचे रस्त्यावरच्या तातडीच्या उपचारांचे पुस्तक १९७९ साली निघाले होते. पॅरामेडिक होऊ पाहणारी मुले त्याच्या नव्या आवृत्त्या अजून अभ्यासतात.