गर्भधारणेपूर्वीचे स्त्री-आरोग्य : फॉलिक ॲसिड मोहिमेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मातृ-आरोग्याच्या इतिहासात सुईण, प्रसूती व प्रसूतिगृह यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने गर्भधारणेपूर्वीचे स्त्रीचे आरोग्य हा विषय उपेक्षित राहिला. फॉलिक ॲसिडच्या प्रसाराची मोहीम हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या मोहिमेचा आढावा घेऊन, केवळ उपदेशाने लोकांचे आरोग्य साधते काय, या प्रश्नाचा विचार केला आहे.

मुंबईतील आरंभ

या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. इंग्लंडमधील संशोधिका डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये येथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात होणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या विकाराचे मूळ निकृष्ट आहारात असावे, असे त्यांना आढळले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटसारख्या स्वस्त पदार्थाने, रुग्ण सुधारतात हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील अज्ञात घटक पुढे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविलेल्या द्रव्यास ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले आणि विल्स घटकाचे स्वरूप यथावकाश उलगडले.

उपचाराकडून पूर्वतयारीकडे

१९६५ मध्ये हिबर्ड व स्मिथेल्स यांनी फोलेटची कमतरता आणि अर्भकातील जन्मजात व्यंग यांचा संबंध सुचविला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रकाशित झाले. पूर्वी असे व्यंग असलेली गर्भधारणा झालेल्या स्त्रियांत फॉलिक ॲसिडमुळे त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने गर्भधारणाक्षम वयातील सर्व स्त्रियांना रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडची शिफारस केली.

येथेच मोहिमेची खरी अडचण होती. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गरोदर असल्याची जाणीवही नसते. साहजिकच दवाखान्यात नाव नोंदविल्यानंतर दिलेला सल्ला या व्यंगापुरता उशिराचाच ठरतो.

प्रचाराच्या मर्यादा

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात या विषयाचा मोठा प्रचार झाला. तथापि इंग्लंडमधील एका विस्तृत पाहणीनुसार गर्भधारणेपूर्वी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १९९९-२००१ मधील ३५ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये ३१ टक्क्यांवर घसरले. वीस वर्षांखालील स्त्रियांत ते अवघे ६ टक्के होते. म्हणजेच नियोजन करू शकणाऱ्या स्त्रियांपर्यंत संदेश अधिक पोहोचला. ज्यांची गर्भधारणा अनपेक्षित होती, त्या वंचित राहिल्या. याउलट अमेरिकेने १९९८ पासून धान्यपिठात फॉलिक ॲसिड मिसळणे बंधनकारक केले. ब्रिटनने असा निर्णय २०२१ मध्ये, म्हणजे त्या चाचणीनंतर तीस वर्षांनी, जाहीर केला.

भारतीय संदर्भ

भारतात राष्ट्रीय रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ अभियानात किशोरवयीन मुलामुलींसह प्रजननक्षम वयातील, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही लोह व फॉलिक ॲसिडच्या साप्ताहिक गोळीची तरतूद करण्यात आली. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ज्ञान उपलब्ध होणे आणि ते स्त्रीच्या ताटापर्यंत पोहोचणे यांत दशकांचे अंतर पडू शकते. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीला पोषणाचा सल्ला देऊन भागत नाही. तिच्या वाट्याला अन्न, विश्रांती आणि गर्भधारणेविषयीचा निर्णयही यावा लागतो. शिवाय, स्त्रीचे आरोग्य केवळ ती भावी माता आहे म्हणून जपणे ही दृष्टीही अपुरी होय. डॉ. विल्स यांच्यापुढे आलेल्या कामगार स्त्रियांना तो आहार प्रथम त्यांच्या स्वतःच्या जगण्यासाठी हवा होता. गर्भधारणेपूर्वीच्या आरोग्याची कोणतीही मोहीम आखताना याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.