लहान विमानातील हिस्सा घ्यावा का? हिशेब उड्डाणाच्या तासांचा

नवी दिल्ली : सोन्याच्या दागिन्यांच्या घडणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या करोल बागेतील बीडनपुरा व रैगरपुरा या गल्ल्यांत भागीदारी ही रोजची बाब आहे. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून देशभर पसरलेल्या मराठी गलाई व्यावसायिकांनाही ती परकी नाही. सोन्यातील हिस्सा मात्र त्या दिवसाच्या भावाने संध्याकाळपर्यंत मोडता येतो. विमानातील हिस्सा तसा मोडता येत नाही, शिवाय विमान हँगरमध्ये उभे असले तरी त्याचा खर्च थांबत नाही. लहान विमानात हिस्सा घेऊ इच्छिणाऱ्याने या दोन बाबी आधी ध्यानात घ्याव्यात.

‘हिस्सा’ या एकाच शब्दाखाली निरनिराळे व्यवहार येतात. पहिला सहमालकीचा. यात तीन-चार परवानाधारक हौशी वैमानिक मिळून एक विमान विकत घेतात आणि आळीपाळीने स्वतः उडवतात. दुसरा अंशमालकीचा. यात हिस्सेदार केवळ प्रवासी असतो; वैमानिक, देखभाल व व्यवस्थापन कंपनीकडे राहते. अमेरिकेतील नेटजेट्स या कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये रूढ केली आणि १९९८ मध्ये ती कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने विकत घेतली. भारतात दिल्लीच्या क्लब वन एअरने ही कल्पना आणली. पण ती जेट विमानांची, उद्योगसमूहांना परवडणारी गोष्ट आहे. तिसरा मार्ग फ्लाइंग क्लबचा. दिल्ली व मुंबई येथील फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचे असून जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला तो मुंबईच्याच क्लबात शिकून. क्लबात मालकी मिळत नाही, तासाप्रमाणे विमान मिळते. सहमालकीची तुलना या तिसऱ्या मार्गाशी करावी लागते.

तुलनेची रीत सोपी आहे. विमानतळाचे व हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी हा स्थिर खर्च. इंधन, तेल व इंजिनाची झीज हा उड्डाणागणिक होणारा खर्च. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. चौघांनी ८० लाखांचे जुने चार आसनी विमान घेतले. वर्षाचा स्थिर खर्च १२ लाख, म्हणजे प्रत्येकी ३ लाख. उड्डाणाचा खर्च तासाला ९ हजार आणि क्लबचे भाडे तासाला १५ हजार. तासामागे वाचतात ६ हजार. तेव्हा ३ लाख भरून निघण्यासाठी प्रत्येकाने वर्षाला ५० तास उडायला हवे. गुंतवलेल्या २० लाखांवर ७ टक्के दराने बुडणारे १ लाख ४० हजारांचे व्याज धरले, तर हा आकडा ७३ तासांवर जातो. केवळ ३० तास उडणाऱ्याला व्याज न धरताही तास १९ हजारांना पडतो. नोकरी-धंदा सांभाळून वर्षाला ७३ तास, म्हणजे आठवड्याला जवळजवळ दीड तास, हे वाचायला सोपे आहे, पाळायला नाही.

या हिशेबात सर्वाधिक फसगत इंजिनाबाबत होते. सेस्ना १७२ हे १९५० च्या दशकापासून बनणारे, ४४ हजारांहून अधिक संख्येने तयार झालेले चार आसनी विमान. त्यात बसवल्या जाणाऱ्या लायकमिंग इंजिनांसाठी साधारणतः २ हजार तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा संपूर्ण उघडून दुरुस्ती करावी, अशी निर्मात्याची शिफारस असते. समजा, विकाऊ विमानाचे इंजिन १,७०० तास चालले आहे आणि दुरुस्तीस ३० लाख लागतील. तासामागे १,५०० रुपये बाजूला ठेवायला हवे होते, म्हणजे आतापर्यंत साडेपंचवीस लाख. हा निधी आधीच्या मालकांनी साठवलेला नसेल, तर चौथ्या हिश्श्यामागे सहा लाखांहून अधिक दायित्व विकत घेतले जाते. चौघेही ५० तास उडले, तर उरलेले ३०० तास दीड वर्षात संपतील. म्हणून विमानाच्या रंगापेक्षा इंजिन, सांगाडा व पंखा यांच्या नोंदवह्या आणि दुरुस्ती निधीचे बँक खाते आधी पाहावे.

इंधनाची अडचण थोडी सैल झाली आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानांना लागणारे एव्हगॅस पूर्वी आयात होत असे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले एव्हगॅस बाजारात आणले. तरीही आपल्या धावपट्टीवर ते मिळते का, हे विचारावेच लागते.

करोल बागेच्या रहिवाशासाठी अंतर हा वेगळाच खर्च आहे. दिल्ली फ्लाइंग क्लबचे जुने घर असलेला सफदरजंग विमानतळ जवळ, पण सुरक्षेच्या कारणास्तव तेथील हौशी उड्डाणे बंद आहेत आणि राष्ट्रपती भवनाभोवतालचे आकाश प्रतिबंधित आहे. करनालसारखी धावपट्टी गाठायची, तर सुमारे सव्वाशे किलोमीटर रस्ता. त्यात दृश्य नियमांनुसारच्या उड्डाणास सर्वसाधारणपणे ५ किलोमीटर दृश्यमानता व दिवसाचा उजेड लागतो. उत्तर भारतातील धुके, धूर व धूळ वगळता उरलेल्या रविवारांवर चौघांचाही डोळा असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे, ४० तासांचे उड्डाण व वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. खासगी प्रवर्गात नोंदलेल्या विमानातून भाडे घेऊन कोणालाही नेता येत नाही. त्यामुळे ‘रिकाम्या वेळी भाड्याने देऊन खर्च काढू’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद ग्राह्य धरू नये. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वेगळी परवानगी लागते. वैयक्तिक वापराच्या विमानांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. व्यवहार १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली आला, तर एका भागीदाराने व्यवसायाच्या ओघात केलेल्या कृत्याची जबाबदारी इतरांवरही येते. म्हणून मर्यादित दायित्वाची रचना करावी का, हे वकिलाला विचारणे योग्य.

लेखी करारात दिवसांची वाटणी, विम्यात नमूद वैमानिकांची नावे, नुकसान झाल्यास विम्याबाहेरील रक्कम कोणी भरायची, वर्गणी थकवणाऱ्याचे काय, हे सारे असावे. सर्वांत महत्त्वाचे कलम बाहेर पडण्याचे. हिस्सा विकण्यास इतरांची संमती लागणार का, मूल्यांकन कोण करणार आणि किती महिन्यांत पैसे मिळणार, हे आकड्यांनिशी लिहिलेले नसेल, तर सही करू नये. जुन्या हिस्सेदारांपैकी कोणी अलीकडे बाहेर पडला असल्यास त्याला किती काळ लागला, हेही विचारावे.

परवाना असूनही निर्णय होत नसेल, तर त्याच प्रकारचे विमान वर्षभर क्लबकडून भाड्याने घ्यावे आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवावी. डिसेंबरअखेर वहीत जितके तास भरतील, ते वरच्या ५० व ७३ च्या ओळीशी ताडून पाहावेत.